पडद्यावर नसलेले पान

वेबचा जन्मच मुळी यंत्रायंत्रांमधल्या भिंती ओलांडण्यासाठी झाला. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत. प्रत्येकाचा संगणक वेगळा, त्यावरची प्रणाली वेगळी, आणि एकाची कागदपत्रे दुसऱ्याच्या यंत्रावर उघडता उघडत नसत. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च 1989 मध्ये मांडलेला प्रस्ताव या अडचणीवरचा तोडगा होता. यंत्र कोणतेही असो, मजकूर सगळीकडे वाचता यावा, एवढी साधी त्यामागची कल्पना. डोळस वाचकापुरती ती जवळजवळ पूर्णपणे खरी ठरली. विंडोज सोडून मॅक किंवा लिनक्सवर गेलेल्या माणसाला फाइली कुठे सापडतात, प्रिंटर कसा जोडायचा हे नव्याने शिकावे लागते. पण ब्राउझर उघडला की त्याचे वर्तमानपत्र, त्याची बँक, रेल्वेचे आरक्षण सगळे होते तसेच समोर येते. स्क्रीन रीडरच्या आवाजावर वेब वाचणाऱ्या दृष्टिहीन माणसाचे याच्या उलट होते. नव्या प्रणालीत फाइली आणि मेनू यांच्याशी त्याची ओळख तुलनेने लवकर होते, तो अडतो वेबवर. जी जागा प्रणालीच्या बंधनातून सर्वांत मोकळी असायला हवी होती, तीच त्याला जुन्या प्रणालीशी बांधून ठेवते.

याचे कारण विचारले तर ‘सवयीचा प्रश्न आहे’ असे उत्तर मिळते. नव्या कळा पाठ करा, महिनाभर कळ काढा, जमेल. हे उत्तर खोटे नाही, पण फार अपुरे आहे. स्क्रीन रीडरचा चाळीस वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर वेगळेच काही दिसते. दृष्टिहीन वाचक जे पान वाचतो ते पडद्यावर नसतेच. ते स्क्रीन रीडरने पडद्यामागे, स्वतःच्या समजुतीप्रमाणे रचलेले असते. प्रणाली बदलली की हे पान मागे राहते, आणि नवी प्रणाली त्याच मजकुराचे दुसऱ्याच घडणीचे पान हातात ठेवते. ही स्थिती अंधत्वातून आलेली नाही. संगणक उद्योगाने एकामागून एक घेतलेल्या निर्णयांतून ती आली आहे.

सुरुवातीला असे नव्हते. डॉसच्या काळातला पडदा म्हणजे 80 अक्षरांच्या 25 ओळी, एकूण 2000 घरे. पडद्यावर उमटलेले प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत ठरावीक जागी अक्षर म्हणूनच साठवलेले असे. आयबीएममधले गणिती जिम थॅचर आणि त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक व पुढे सहकारी असलेले दृष्टिहीन शास्त्रज्ञ जेसी राइट यांनी या सोयीचा फायदा घेतला. ती घरे वाचायची आणि त्यातली अक्षरे आवाज काढणाऱ्या यंत्राकडे पाठवायची. आधी कंपनीतल्या कंपनीत वापरलेला हा प्रोग्रॅम 1986 मध्ये ‘स्क्रीन रीडर’ या नावाने बाहेर आला आणि पुढे ते नाव या जातीच्या सगळ्याच प्रोग्रॅमना चिकटले. टेड हेंटर हा मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणारा अभियंता. 1978 मध्ये मोटार अपघातात त्याची दृष्टी गेली. 1987 मध्ये त्याने बिल जॉइस यांच्याबरोबर कंपनी काढली आणि 1989 मध्ये डॉससाठी ‘जॉज’ आणले. प्रोग्रॅम वेगवेगळे असले तरी त्यांचा कच्चा माल एकच होता. डोळस कारकून पडद्यावर जी ओळ पाही तीच ओळ त्याच्या शेजारचा अंध कारकून ऐके. ‘सतराव्या ओळीत बघ’ असे एकाने म्हटले तर दुसऱ्याला सतरावी ओळ सापडे. संगणकावर वाचनाची अशी सरळ बरोबरी त्यानंतर फारशी मिळाली नाही, आणि तेव्हा ती मिळाली ती कोणाच्या दयाबुद्धीमुळे नव्हे. यंत्रे गरीब होती म्हणून मिळाली.

मग पडदा चित्रमय झाला. मॅकिंटॉश 1984 मध्ये आला होता, विंडोजची 3.0 ही आवृत्ती 1990 मध्ये आली आणि कचेऱ्यांनी ती भराभर उचलली. आता पडद्यावरचे अक्षर म्हणजे नुसते ठिपके. ते अक्षर आहे हे चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला ठाऊक, पण काढून झाल्यावर ती माहिती कुठे जपून ठेवली जाण्याची हमी नाही. 1990 मध्येच लॉरेन्स बॉइड, वेस बॉइड आणि ग्रेग व्हँडरहायडन यांनी अंधत्वविषयक एका संशोधनपत्रिकेत या बदलावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात ‘संकट’ आणि ‘धोका’ यांच्या जोडीला ‘संधी’ हाही शब्द होता. त्यांतल्या वेस बॉइड यांच्या बर्कली सिस्टिम्सने मॅकसाठी ‘आउटस्पोकन’ आधीच, 1989 मध्ये, काढले होते. चित्रमय पडदा बोलका करणारा हा पहिला प्रोग्रॅम. (याच कंपनीने पुढे पंखवाले टोस्टर उडवणारा स्क्रीनसेव्हर विकून नाव कमावले.) यातली युक्ती थोडक्यात अशी की प्रोग्रॅम पडद्यावर काही काढण्याची आज्ञा देतो तेव्हाच ती आज्ञा मध्ये अडवायची, कोणते अक्षर कोणत्या जागी गेले याची टिपणे ठेवायची आणि त्या टिपणांतून पडद्याची एक समांतर प्रत उभी करायची. आयबीएमचे रिच श्वेर्डटफेगर यांनी ‘बाइट’ मासिकात 1991 च्या अखेरीस ही रचना तपशिलाने समजावून सांगितली. विंडोजसाठीचे जॉज जानेवारी 1995 मध्ये विक्रीला आले तेही अशाच समांतर प्रतीवर उभे होते. इथे इतिहासाचा सांधा बदलला. दृष्टिहीन वाचकाचे पान आता यंत्राच्या स्मृतीत तयार पडलेले नव्हते. एक तिसरी कंपनी अंदाजाने ते बांधत होती, आणि दोन कंपन्यांची बांधणी सारखी असण्याचे काहीच कारण नव्हते.

वेबने हा दुरावा आधी मिटवला आणि मग वाढवला. कॅन्सस विद्यापीठात 1992 मध्ये तयार झालेला ‘लिंक्स’ हा निव्वळ मजकुराचा ब्राउझर अनेक दृष्टिहीन वाचकांचा पहिला ब्राउझर ठरला, कारण तो डॉससारखाच ओळीओळींत बोलत असे. पण वेबवर चित्रे, रकाने आणि चौकटी आल्या. दोन रकान्यांचे पान ओळ ओळ वाचणारा स्क्रीन रीडर डाव्या रकान्यातले अर्धे वाक्य आणि उजव्या रकान्यातले अर्धे वाक्य एका दमात म्हणून दाखवी. ऐकणाऱ्याने काय बोध घ्यायचा? यावर दोन उपाय निघाले. आयबीएमच्या टोकियोतल्या संशोधक चिएको आसाकावा यांचे ‘होम पेज रीडर’ 1997 मध्ये जपानमध्ये आले. त्या स्वतः किशोरवयात अंध झालेल्या. पडद्यावरच्या चित्राचा नाद सोडून त्यांनी थेट पानाच्या कोडला हात घातला. मजकूर पुरुषाच्या आवाजात, लिंक बाईच्या आवाजात. ऐकताक्षणी फरक कळे. दुसरा उपाय विंडोजच्या स्क्रीन रीडरांनी काढला आणि तोच टिकला. ब्राउझरकडून पानाचा सगळा ऐवज मागून घ्यायचा, तो एका सरळ दस्तऐवजासारखा उलगडायचा आणि वाचकाला त्यातून बाणांच्या कळांनी फिरू द्यायचे. या आभासी पानातल्या ओळी पडद्यावरच्या ओळींशी जुळत नाहीत. त्यात रकाने शेजारी शेजारी नसतात, एकाखाली एक असतात. पुढे त्यात एका अक्षराच्या कळा आल्या: एच दाबले की पुढचा मथळा, टी दाबले की पुढचा तक्ता, 1 ते 6 हे आकडे दाबले की त्या त्या पातळीचा मथळा. डोळस माणूस नजर टाकून पान चाळतो ते काम या कळा करू लागल्या. वेबएम या अमेरिकी संस्थेच्या पाहण्यांत लांबलचक पानावर माहिती शोधण्यासाठी मथळ्यांवरून उड्या मारतो असे सांगणारे सुमारे 70 टक्के भरतात, यावरून ही रचना किती मुरली आहे ते कळते.

आता प्रणाली बदलणाऱ्याची अडचण कुठे आहे ते नेमके सांगता येते. ॲपलने 2001 मध्ये मॅकची प्रणाली मुळापासून बदलली. आउटस्पोकन जुन्या प्रणालीबरोबरच मागे राहिले, आणि अंध मॅकवापरकर्त्याला 29 एप्रिल 2005 पर्यंत, म्हणजे टायगर या आवृत्तीत ‘व्हॉइसओव्हर’ येईपर्यंत, नव्या मॅकवर वाचायला काहीच नव्हते. व्हॉइसओव्हर प्रणालीतच बसवलेले आले, वेगळे पैसे न घेता आले, ही मोठी गोष्ट. परंतु त्याने पानाची कल्पनाच वेगळी धरली. ते वस्तूवस्तूंवरून चालते. चौकटीच्या आत जायचे तर आधी आत शिरण्याची आज्ञा द्यायची, काम झाले की बाहेर पडायचे. वाक्याच्या मध्यात लिंक असेल तर आधीचा मजकूर, लिंक आणि नंतरचा मजकूर असे तीन तुकडे कानी पडतात. विंडोजवाल्याला हे पान मोडलेले वाटते आणि मॅकवाल्याला विंडोजचे सपाट पान आकार हरवलेले वाटते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. लिनक्सवरच्या ‘ऑर्का’ने तिसरा रस्ता धरला. कळा विंडोजसारख्या, पण पानाची प्रत करून न ठेवता ब्राउझरला चालू अवस्थेतच विचारत राहायचे. ब्राउझर एकच असला तरी सुटका नाही. क्रोमसारख्या ब्राउझरला विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर पानाची माहिती तीन निरनिराळ्या संकेतांत पुरवावी लागते, आणि डोळ्यांना तिन्हीकडे सारखे दिसणारे पान कानांना तीन तऱ्हांनी ऐकू येते.

हे सगळे तांत्रिक तपशील आहेत असे ज्याला वाटेल त्याने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याकडे पाहावे. या राज्याने प्रणालीबदलाचा प्रश्न दहा वर्षांत दोनदा अंगावर घेतला. पहिल्यांदा विंडोज 95 च्या वेळी. नवी प्रणाली स्क्रीन रीडरना पुरेशी खुली नाही, तोवर सरकारी खरेदी रोखू, असा इशारा राज्याच्या अंध आयोगाने दिला. मायक्रोसॉफ्टला तो मनावर घ्यावा लागला आणि 1997 मध्ये कंपनीने ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय आणली. तिच्यामुळे प्रोग्रॅमला आपली बटणे आणि याद्या स्क्रीन रीडरला नावानिशी सांगता येऊ लागल्या. त्याच वर्षी इंटरनेट एक्स्प्लोररची चौथी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात ही सोय गाळलेली निघाली. ओरड झाली आणि 4.01 या सुधारित आवृत्तीत ती परत आली. दुसरा प्रसंग सप्टेंबर 2005 चा. 1 जानेवारी 2007 पासून सरकारी कागदपत्रे ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात जतन करायची, असे राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याने ठरवले. हेतू उत्तम होता. जनतेची कागदपत्रे एका कंपनीच्या मुठीत नसावीत, याला कोण नाही म्हणेल? पण ते स्वरूप हाताळणारे ओपनऑफिस तेव्हाच्या स्क्रीन रीडरांना धड वाचता येत नव्हते. बे स्टेट कौन्सिल ऑफ द ब्लाइंडसारख्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. खुल्या संगणकप्रणालीच्या कैवाऱ्यांनी त्यांच्यावर मक्तेदार कंपनीची प्यादी झाल्याचा आरोप केला.

हा आरोप इतिहासाचे भान सोडून केलेला होता. ज्या अंध समाजाने दहा वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टला दाराशी अडवले, तोच आता मायक्रोसॉफ्टचा ऑफिस संच सोडायला तयार नव्हता, यात विसंगती नाही. दोन्ही वेळा मागणी एकच होती: आधी वाचता येण्याची व्यवस्था, मग बदल. सरकारी नोकरीतल्या दृष्टिहीन माणसाच्या दृष्टीने खुले स्वरूप आणि बंद स्वरूप हा फरक दुय्यम ठरतो. त्या स्वरूपातले पान त्याचा स्क्रीन रीडर रचू शकतो की नाही, यावर त्याची नोकरी टिकते. त्या विरोधाचा एक चांगला परिणाम असा की खुल्या प्रणालीच्या जगातही कामाला वेग आला. जुन्या ऑफिसमधूनच नवे स्वरूप वाचता-लिहिता यावे म्हणून जोडप्रोग्रॅम तयार झाले, आणि सन मायक्रोसिस्टिम्सच्या पाठबळावर वाढलेले ऑर्का सप्टेंबर 2006 मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या पडदाव्यवस्थेच्या 2.16 या आवृत्तीत सामील झाले. ऑर्काचे पुढचे नशीबही बोलके आहे. ओरॅकलने 2010 मध्ये सन विकत घेतल्यावर सुगम्यतेवर काम करणारा चमू आटला, आणि हे काम जोनमरी डिग्ज यांच्यासारख्या मोजक्या माणसांच्या चिकाटीवर चालू राहिले. मोफत आणि खुले म्हणजे आपोआप टिकाऊ, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो सवयीचाच. कळा बदलल्या की त्रास होतो, पानाच्या घडणीची एवढी मीमांसा कशाला? याला उत्तर ‘एनव्हीडीए’ने दिले आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला, जेम्स तेह त्याला येऊन मिळाले. हजार डॉलरच्या आसपास किंमत असलेल्या जॉजपुढे तो आरंभी पोरखेळ वाटला असेल. पण एनव्हीडीएने सपाट आभासी पानाची तीच कल्पना उचलली, मथळ्यांच्या आणि तक्त्यांच्या कळाही त्याच ठेवल्या. वेबएमच्या 2009 च्या पाहणीत जॉज वापरणारे सुमारे 74 टक्के होते. प्रश्न विचारण्याची पद्धत मधल्या काळात बदलली हे खरे, तरी 2024 च्या निकालांत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉजचे नाव घेणारे सुमारे 40 आणि एनव्हीडीएचे सुमारे 38 टक्के झाले. व्हॉइसओव्हरही मोफत, शिवाय यंत्राबरोबर आलेले, तरीही टेबलावरच्या संगणकावर त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेर राहिला. मॅक महाग असतो आणि कचेऱ्या विंडोजच्या असतात, ही कारणे मी नाकारत नाही. शिवाय ही पाहणी स्वतःहून उत्तर देणाऱ्यांची आणि बरीचशी पाश्चात्त्य देशांतली आहे. पण त्याच पाहणीत मोबाइलवर व्हॉइसओव्हर वापरणारे सुमारे 70 टक्के दिसतात. व्हॉइसओव्हर असलेला पहिला आयफोन 2009 मध्ये आला तेव्हा बहुतेकांच्या हातात मागे टाकण्याजोगे जुने पानच नव्हते, म्हणून लोकांनी वस्तूवस्तूंवरून चालणे विनातक्रार स्वीकारले. तेच माणूस घरी टेबलाशी बसले की विंडोजच्या सपाट पानाकडे परतते. नुसता कळांचा प्रश्न असता तर हे चित्र असे दिसले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्क्रीन रीडर आता प्रत्येक प्रणालीत बसवलेलाच येतो, मग तक्रार कसली? नवा संगणक खोक्यातून काढून कोणाच्याही मदतीशिवाय सुरू करता येणे ही क्रांती आहे, हे निखालस मान्य. पण मॅकवर व्हॉइसओव्हर आवडले नाही किंवा एखाद्या आवृत्तीत बिघडले, तर दुसरा पर्याय नाही. विंडोजवर जॉज, एनव्हीडीए आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा नॅरेटर असे तिघे आहेत. एका पानावर एक अडला तर वाचक दुसरा लावून पाहतो. अंगभूत असणे आणि पुरेसे असणे यांत हे अंतर उरतेच. अलीकडचा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा: यंत्रच पडद्याकडे पाहून काय आहे ते सांगेल, मग रचनेची गरज काय? छायाचित्राचे वर्णन मिळणे मोलाचे आहे, त्यात वाद नाही. मात्र चित्र पाहून मजकुराचा अंदाज बांधणे हे 1990 च्या दशकातल्या समांतर प्रतीचेच नवे रूप आहे. बँकेच्या उताऱ्यात तिसऱ्या ओळीतली रक्कम हवी असणाऱ्याला गोळाबेरीज वर्णन काय कामाचे? त्याला ती रक्कम, तिच्या रकान्याच्या नावासह, चूक न होता हवी असते.

या इतिहासात आणखी एक वाट होती आणि ती पुण्यातून निघाली. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित शिकून ते मुंबईच्या आयआयटीत आणि पुढे कॉर्नेलला गेले. गणिती मजकूर आवाजातून ऐकवणाऱ्या ‘अ‍ॅस्टर’ या प्रणालीवर त्यांनी 1994 मध्ये प्रबंध लिहिला. 1995 मध्ये त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. पडद्याची प्रत करून ती वाचायची ही कल्पनाच त्यांनी झिडकारली. ईमॅक्स या संपादकाच्या पोटात शिरून, मजकुराचा अर्थ ठाऊक असलेल्या प्रोग्रॅमकडूनच त्यांनी बोलवून घेतले. तारीख आहे हे प्रोग्रॅमला माहीत असते, तर ती तारखेसारखीच उच्चारली जावी. मेल, वेब, लेखन सगळे ईमॅक्समध्ये, त्यामुळे ईमॅक्स जिथे जाईल तिथे वाचकाचे पानही जाते. रामन यांचे निदान या क्षेत्रात सर्वांत अचूक होते असे माझे मत आहे. उपाय मात्र प्रोग्रॅमरांपुरता राहिला, कारण ईमॅक्स शिकणे हीच एक तपश्चर्या आहे. तरी त्यांनी दाखवलेली दिशा बरोबर होती: अर्थ पडद्यावरून हुडकायचा नाही, तो मजकुराबरोबरच नोंदवलेला असावा. वेबच्या संदर्भात ही नोंद करण्याचे नियम मे 1999 पासून उपलब्ध आहेत, आणि ती नोंद चोख असली की तिन्ही प्रणालींतले फरक बरेच सौम्य होतात. मथळा मथळा म्हणून लिहिलेला असेल तर जॉज, व्हॉइसओव्हर आणि ऑर्का या तिघांनाही तो सापडतो.

मराठी वाचकाने हा धडा एकदा उलट्या बाजूने घेतलेला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली वर्तमानपत्रे आणि संस्था वेबवर जे मराठी छापत ते फॉन्टच्या करामतीवर चाले. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. डोळ्यांना संपादकीय दिसे, तर स्क्रीन रीडर निरर्थक रोमन अक्षरांची माळ म्हणून दाखवी. फॉन्ट नसलेल्या संगणकावर डोळस वाचकालाही तोच गोंधळ दिसे, म्हणून तेव्हा सगळेच चिडले आणि युनिकोड रुळले. मथळ्यांच्या बाबतीत डोळस वाचकाला काही खटकत नाही, म्हणून कोणी चिडत नाही. अक्षर मोठे आणि ठळक केले की काम झाले असे समजून केलेली मराठी पाने आजही सर्रास भेटतात. त्यात एच दाबत बसले तरी एकही मथळा हाती लागत नाही. पानाची भाषा मराठी आहे ही नोंद नसली तर आवाज आपोआप बदलत नाही आणि इंग्रजी आवाजाकडून देवनागरीचे हाल होतात. ज्यांच्या हातात एखादे मराठी संकेतस्थळ आहे त्यांनी एनव्हीडीए उतरवून घ्यावा. तो मोफत आहे आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजयंत्रणेत मराठी आवाजही आहे. आपले पान उघडावे, पडदा बंद करावा आणि एच दाबून पाहावे. काही ऐकू आले नाही तर प्रणाली कोणतीही असो, दुरुस्ती तुमच्याच पानात करायची आहे.